मनगट मोडल्यावर लेस विणताना हात पुन्हापुन्हा सुजत असेल तर

गेल्या श्रावणात सकाळी प्राजक्ताची फुलं वेचायला परसात उतरले, चिऱ्यावरच्या शेवाळावरून पाय सरकला आणि सगळा भार डाव्या तळहातावर आला. उठून बघते तर मनगटाच्या वर हाताला जेवणाच्या काट्यासारखा बाक आलेला. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, रेडियसचं, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंगठ्याकडच्या हाडाचं, मनगटाकडचं टोक मोडलंय. याला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात. एब्राहम कॉलिस या आयरिश सर्जनने १८१४ मध्ये, एक्स-रे यायच्याही ऐंशी वर्षं आधी, त्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. हाड ओढून जागेवर बसवलं, कोपराखालपासून बोटांच्या मुळांपर्यंत प्लॅस्टर घातलं आणि सहा आठवडे सांगितले.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून जायचा: "डावाच आहे ना, मग विणायला काय हरकत आहे? सुई तर उजव्या हातात असते." क्रोशा कधी हातात न धरलेल्या माणसाला तसंच वाटणार. पण जी रोज विणते तिला माहीत असतं की उजवा हात फक्त सुई फिरवतो, लेस घडते ती डाव्या हातात. दोरा डाव्या करंगळीला वेढा घेऊन तर्जनीवर येतो आणि तिथेच त्याचा ताण ठरतो. अंगठा आणि मधलं बोट विणलेला भाग टाक्याच्या अगदी खाली चिमटीत धरून ठेवतात, आणि दर दोन-चार टाक्यांनी ती चिमूट पुढे सरकते. मनगट त्या वेळी अर्धवट वळलेलं, स्थिर. म्हणजे मोडलेल्या मनगटाला जे सगळ्यात जड जातं, नेमकं तेच.

प्लॅस्टर निघाल्यावर माझं जे झालं ते बऱ्याच जणींचं होतं. हात सुटला म्हणून आनंदाने लेस घेतली, अर्धा-पाऊण तास विणलं, त्या वेळी काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं भजीसारखी फुगलेली, अंगठ्याच्या मुळाशी ठणका. तीन दिवस विश्रांती, सूज उतरली, पुन्हा बसले, पुन्हा सुजला. महिनाभरात असं चारदा झालं. घरचे म्हणायला लागले की आता वर्षभर विणणं सोडून दे. भाचीच्या रुखवतासाठी टेबलक्लॉथची लेस अर्ध्यावर होती आणि लग्न माघात. पण रुखवत हे निमित्त झालं. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तासभर सुई-दोरा हातात नसेल तर माझा दिवस पुरा होत नाही, आणि तीस वर्षांची ही सवय सोडायची माझी तयारी नव्हती. म्हणून यंत्रातला बिघाड शोधावा तसं सुजेचं कारण शोधत गेले. जे सापडलं ते सगळं खाली लिहिते आहे.

आधी हे बघा, विणायचं नंतर

काही सुजा विणण्यामुळे येत नाहीत. त्यांच्यावर घरचे उपाय करत बसू नका.

प्लॅस्टर असताना बोटं निळी-पांढरी पडली, गार लागली, बधिर झाली, किंवा हात उंच ठेवूनही आतला ठणका वाढतच गेला, तर रात्र असो की रविवार, दवाखाना गाठायचा. प्लॅस्टर आवळत असेल तर ते कापून सैल करतात. सकाळपर्यंत थांबण्यात हाताचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

प्लॅस्टर निघाल्यावर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत मुंग्या येऊन रात्री झोपमोड होत असेल तर मनगटातली नस दबत असू शकते. हात सतत जळजळतो, कातडी चकचकीत दिसते, रंग बदलतो, एकाच हाताला घाम येतो, साडीचा पदर घासला तरी सहन होत नाही, असं असेल तर तेही लगेच दाखवायचं. हे दुखणं लवकर ओळखलं तर आटोक्यात आणायला सोपं जातं.

आणि एक तपासणी विणणाऱ्या प्रत्येकीने रोज करावी असं मला वाटतं. तळहात टेबलावर पालथा ठेवा आणि फक्त अंगठा वर उचला. या फ्रॅक्चरमध्ये, हाड फारसं सरकलेलं नसलं तरीसुद्धा, काही आठवड्यांनी अंगठा उचलणारा स्नायूबंध झिजून तुटू शकतो. काल उचलत होता आणि आज उचलतच नाही, असं झालं तर तो थकवा नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

वेदनाशामक गोळी घेऊन विणायला बसायचं नाही, हे मी इथेच सांगते. किती विणलं की पुरे, हे दुखण्यावरूनच कळतं, आणि गोळी नेमकं तेच झाकते.

प्लॅस्टरमधले सहा आठवडे

पहिले दोन आठवडे मी सुई हातात घेतली नाही. त्या दिवसांत हाड सरकण्याची भीती असते, म्हणून तर आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढतात. डॉक्टरांनी बोटं मात्र पहिल्या दिवसापासून हलवायला लावली: मूठ मिटायची, उघडायची, प्रत्येक बोटाचं टोक अंगठ्याला लावायचं, तासातासाने. झोळीतून हात काढून खांदा कानापर्यंत वर न्यायचा. मोडलं मनगट म्हणून खांदा गळ्यातल्या झोळीत तसाच ठेवला तर तो वेगळा आखडतो, आणि आखडलेल्या खांद्याने विणताना मान धरते.

या काळात छंद जिवंत ठेवायचा तर कागदावर. माझा उजवा हात मोकळा होता. चौकटीची वही घेतली आणि जाळीच्या लेसचे, म्हणजे फिले क्रोशाचे, नवे नमुने उतरवले. रिकामी चौकट म्हणजे एक खांब (उभा उंच टाका) आणि दोन साखळ्या (साधे फास), भरलेली चौकट म्हणजे दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब. चौकटींना तीनने गुणून एक मिळवला की ओळीचे टाके मिळतात. पंचवीस चौकटींच्या पट्टीला शहात्तर. कोयरीची एक वेल, तिची उलटी वेल आणि मधोमध तुळशीवृंदावन असा नमुना त्या दिवसांत झाला. इतकी वर्षं आईच्या नमुन्यांच्या चिंध्या बघूनच विणत आले होते. स्वतःचा नमुना आखायला कधी बसलेच नव्हते.

जुन्या लेसा काढून दोऱ्याची टोकं लपवण्याचं राहिलेलं काम मात्र करू नका. सोपं वाटतं, पण त्यात डाव्या चिमटीचा जोर क्रोशापेक्षा जास्त लागतो.

आता खाजेबद्दल. प्लॅस्टरच्या आत तिसऱ्या आठवड्यापासून जी खाज सुटते ती सोसवत नाही, आणि आपल्या घरात लांब, बारीक, टोकाला आकडी असलेली वस्तू डोळ्यासमोरच असते. क्रोशाची सुई किंवा विणकामाची सळई प्लॅस्टरमध्ये कधीही घालू नका. आतली कातडी दमट आणि नाजूक झालेली असते. आकडीने तिला ओरखडा पडला तर तो दिसत नाही, धुता येत नाही आणि आतल्या आत चिघळतो. शिवाय आतला कापूस गोळा होऊन एका जागी टोचत राहतो. खाज सुटली की मी हात उशीवर उंच ठेवून प्लॅस्टरवर बाहेरून बोटांनी टकटक करायचे आणि पंख्याचा वारा प्लॅस्टरच्या तोंडाशी घ्यायचे. तेवढ्याने भागायचं. पावसाळ्यात प्लॅस्टर ओलं झालं असेल, आतून वास येत असेल, तर ते बदलून घ्यावंच लागतं.

तिसऱ्या आठवड्याच्या एक्स-रेनंतर मी डॉक्टरांना थेट विचारलं, विणू का? त्यांनी उलट विचारलं, म्हणजे नक्की काय करता? पुढच्या खेपेला पिशवीतून सुई, दोरा आणि अर्धी लेस घेऊन गेले आणि समोर चार टाके घालून दाखवले. त्यांनी माझी चिमूट बघितली आणि म्हणाले, बोटं हलतायत ते चांगलं आहे, पण ही दाबून धरण्याची जागा मनगटाला ओढते. जाड लोकरीवर, पाच मिनिटं, न दाबता चालेल. तुम्हीही हे करा. नुसतं "विणकाम" म्हटलं की डॉक्टरांच्या डोळ्यासमोर स्वेटर येतो, आणि त्यावरून दिलेला सल्ला बारीक दोऱ्याच्या लेसला लागू पडत नाही. ज्यांच्या हाताला तारा किंवा प्लेट घातली आहे त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं, त्यांनी तर नक्कीच दाखवून विचारावं.

सूज परत परत का येते

प्लॅस्टर निघाल्यावर चौथ्यांदा हात सुजला तेव्हा मी वही घातली. किती मिनिटं, कुठे बसून, कोणता दोरा. सूज मोजायला मोजपट्टी सापडेना, म्हणून वीस नंबरचा दोरा मधल्या बोटाच्या मुळाशी एकदा गुंडाळून जिथे टोक टेकलं तिथे गाठ मारली. सकाळी उठल्याउठल्या एक गाठ, रात्री एक. दोऱ्यावर गाठी किती पुढेमागे होतात ते बघायचं. डोळ्यांना सूज दिसायच्या आधी दोऱ्याला कळते. सकाळची गाठ कालच्या सकाळच्या गाठीवरच बसली तर कालचं विणणं हाताला पेललं. पुढे गेली तर जास्त झालं, आज निम्मं.

दहा दिवसांच्या नोंदींत जे दिसलं त्याची मला कल्पना नव्हती. त्याच वीस मिनिटांनी एका दिवशी हात सुजायचा आणि दुसऱ्या दिवशी नाही. म्हणजे दोष नुसत्या मिनिटांचा नव्हता.

पहिली गोष्ट, हात कुठे आहे. सोफ्यावर बसून लेस मांडीत घेतली की हात हृदयाच्या खूप खाली येतो, कोपर अधांतरी राहतं, आणि प्लॅस्टरमधून नुकत्याच निघालेल्या हातातलं पाणी वर चढत नाही. तेच जेवणाच्या टेबलाशी बसून, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दोन उशांवर छातीच्या उंचीला टेकवून विणलं, तर गाठ जागची हलली नाही. एवढ्या एका बदलाने माझी निम्मी तक्रार गेली.

दुसरी गोष्ट, चिमूट. मूठ उघडमीट होत राहिली तर स्नायू पाणी वर ढकलतात, पण अंगठा आणि बोट दहा मिनिटं एकाच जागी आवळून धरली तर सगळं तिथेच तुंबतं. आणि मनगटात जोर नसला की आपण नकळत चिमूट जास्तच आवळतो, लेस निसटेल या भीतीने. यावर विश्रांतीचा उपयोग होत नाही, कारण परत बसलो की परत आवळणारच. लेस धरण्याचं काम हाताकडून काढून घ्यावं लागतं.

मी लोड वापरला. बैठकीवरचा घट्ट कापसाचा लोड टेबलावर ठेवला, लेसची विणून झालेली बाजू त्यावर पसरली आणि टाक्याच्या साधारण दोन बोटं मागे मोठी सेफ्टी पिन लावली. आता लेस ओढून धरायला पिन आहे. डाव्या बोटांना फक्त टाका सरळ धरायचा, तोही जवळजवळ न दाबता. दर आठ-दहा टाक्यांनी पिन पुढे सरकवायची, आणि ती सरकवताना आपोआप मूठ उघडते. पूर्वी बायका लेसचं टोक गुडघ्यावर साडीलाच टाचायच्या, तीच युक्ती. युरोपातली बॉबिन लेस तर टणक उशीवर टाचण्या टोचूनच करतात, तिथे काम चिमटीत धरायची वेळच येत नाही. लोड हलका असेल तर मागे तांदळाची पिशवी टेकवा, नाहीतर तो सरकतो आणि आपण त्याला धरायला जातो.

तिसरी गोष्ट, करंगळीचा वेढा. सूज असेल तर करंगळीभोवतीचा दोरा रुततो आणि तिच्या खाली वळ उठतो. मी दोन महिने करंगळीला वेढा दिलाच नाही. दोरा मधल्या तीन बोटांमधून वर-खाली असा ओवून घेतला आणि गुंडा काचेच्या बरणीत ठेवून बरणीवर भोकाचं झाकण लावलं. भोकातून घासत येताना दोऱ्याला पुरेसा ताण मिळतो.

आणि चौथी गोष्ट मनाची आहे. सगळ्यात वाईट गाठी त्याच दिवशी पुढे गेल्या होत्या, ज्या दिवशी वहीत लिहिलं होतं "ओळ पुरी केली". वीस मिनिटं झालीत हे दिसतंय, पण कोयरीच्या सात चौकटी राहिल्यायत, तेवढ्या करून ठेवू. त्या सात चौकटी हात बधिर झाल्यावर, सगळ्यात आवळून विणल्या जातात. मी स्वयंपाकघरातला गजर दहा मिनिटांचा लावायला लागले. वाजला की खांबाच्या मध्यात असले तरी सुई सोडून टाक्यात सेफ्टी पिन अडकवायची म्हणजे उसवत नाही, आणि दहा मिनिटं हात वर. असे तीन फेरे. पहिले आठ दिवस जड गेलं, मग हात त्याला सरावला. दहा मिनिटं हा माझ्या हाताचा आकडा. तुमचा आकडा तुमच्या गाठी सांगतील.

दोरा आणि सुई

प्लॅस्टरनंतर थेट चाळीस नंबरवर जाऊ नका, अर्धवट लेस कितीही खुणावत असली तरी. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक, आणि जितका बारीक दोरा तितकी आवळ चिमूट. मी दोन आठवडे लोकर आणि चार मिलिमीटरची सुई, मग दहा नंबरचा दोरा आणि दीड मिलिमीटर, मग वीस आणि सव्वा, असं उतरत आले. चाळीसला हात लावायला चार महिने लागले.

उजव्या हाताकडेही लक्ष असू द्या. डाव्याची कसर भरून काढताना तो सुई फार घट्ट धरतो. बारीक पोलादी सुईच्या चपट्या भागावर पेन्सिलीला लावतात ती रबरी पकड चढवली, तर बोटांना जाड आणि मऊ धरायला मिळतं. ज्यांचा उजवाच मोडला आहे त्यांना तर याने फारच फरक पडेल. त्यांनी पेन्सिलीसारखी सुई धरण्याऐवजी सुरीसारखी वरून धरून बघावी, मनगट कमी वळतं.

एक बारीक त्रास कुणी सांगत नाही. प्लॅस्टर निघाल्यावर हाताची कातडी कोरडी, सालपटं निघणारी असते, आणि मर्सराइज्ड (चकाकी आणलेल्या सुती) दोऱ्याचे तंतू त्यात अडकतात. सालपटं घासून काढू नका. रात्री खोबरेल चोळून झोपा, सकाळी कोमट पाण्याने आणि साबणाने हात धुऊन मगच लेस घ्या, नाहीतर पांढऱ्या दोऱ्यावर तेलाचा पिवळा पट्टा उमटतो. माझ्या पहिल्या चार इंचांवर उमटला, आणि तो धुऊनही पुरता गेला नाही.

टॅटिंग, म्हणजे शटल नावाच्या छोट्या धोट्याने गाठी मारून लेस करणाऱ्यांनी मात्र थांबावं. शटल वरखाली नेताना मनगट फिरतं आणि गोल आवळताना दोन्ही हातांना झटका बसतो. मी तीन महिने शटल डब्यातून काढलं नाही.

लेस एका टोकाला घट्ट, दुसऱ्या टोकाला सैल

सूज आटोक्यात आली आणि मग दुसरी अडचण समोर आली, जिच्यासाठी मी रडलेसुद्धा. अर्धी झालेली लेस पडण्याआधी चाळीस नंबरवर विणलेली होती, एक कांगोरा, म्हणजे काठाची एक कमान, बरोबर चार सेंटिमीटर. चार महिन्यांनी त्याच सुईने, त्याच दोऱ्याने पुढे विणायला लागले तर कांगोरा चार पॉइंट सहाचा. बारा कांगोऱ्यांमागे सात सेंटिमीटरचा फरक. टेबलाच्या कडेला तो लपत नाही, जाळीही निराळी दिसते.

मी काय काय करून बघितलं ते सांगते, म्हणजे तुमचे दिवस वाचतील. सुई एक नंबर बारीक घेतली: कांगोरा लहान झाला, पण आठवड्यागणिक हातात जोर येत गेला तशी लेस परत घट्ट व्हायला लागली, म्हणजे सुई परत बदला. धुऊन, आरारूटाची खळ देऊन, टाचण्यांनी मापाला ताणून वाळवली: दोन-तीन मिलिमीटरची तफावत याने बेमालूम जाते, पण घट्ट लेस कांगोऱ्यामागे सहा मिलिमीटर ताणली की भोकं वाकडी होतात. मुद्दाम आवळून विणलं: सुजलं. हे तर कधीच करू नका.

शेवटी कळलं ते असं की बऱ्या होत असलेल्या हाताचा ताण दर आठवड्याला बदलणारच. तो बदलतोय म्हणजे हात सुधारतोय. अशा काळात लांबलचक एकसंध पट्टीचं काम हाती घ्यायचंच नाही. सुटी फुलं विणायची.

यात मला आयरिश क्रोशाने वाट दाखवली. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या बायकांनी ही लेस पोटासाठी विणली, आणि तिची रीतच अशी की गुलाब, पानं, वेलींचे तुकडे सुटेसुटे विणायचे, कुणी फक्त गुलाब, कुणी फक्त पानं, आणि मग ते कापडावर मांडून साखळ्यांच्या जाळीने जोडायचे. आंध्रातल्या नरसापूरच्या लेसमध्येही फुलं एकीने विणायची आणि जोडकाम दुसरीने करायचं अशी वाटणी चालत आली आहे. दहा बायकांचे दहा ताण एका लेसमध्ये सामावतात, तर माझ्या एकाच हाताचे चार महिन्यांतले चार ताण का सामावू नयेत?

रुखवतासाठी मग मी टेबलक्लॉथचा हट्ट सोडला. वीस नंबरच्या दोऱ्यात आठ पाकळ्यांची फुलं केली, एक फूल दहा मिनिटांच्या दोन फेऱ्यांत होतं, म्हणजे "ओळ राहिली"चा मोहही उरत नाही. प्रत्येक फुलाला दोऱ्याने बांधून तारखेची चिठ्ठी लावली. पन्नास फुलं झाल्यावर मोजपट्टीवर मांडली: सुरुवातीची साडेपाच सेंटिमीटरची, शेवटची पाचाच्या आतबाहेर. मोठी फुलं कडेला, लहान मध्ये, अशी गोल मांडून जोडली की समईखालचं आसन आपोआप सुबक होतं, बाहेर जाताना फूल उमलत गेल्यासारखं. अशी दोन आसनं आणि ताटावरचे चार रुमाल झाले. पडण्याआधीची अर्धी लेस मी उसवली नाही. जेवढी होती तेवढी दोन उशांच्या अभ्र्यांना पुरली.

अजून दोन गोष्टी

पन्नाशी उलटलेल्या मैत्रिणींनो, उभ्या उंचीवरून नुसतं पडून मनगट मोडलं असेल तर ते "पाय घसरला" एवढ्यावर सोडू नका. पाळी गेल्यानंतर हाडं विरळ व्हायला लागतात आणि त्याची पहिली खूण पुष्कळदा मनगटावरच दिसते. डॉक्टरांना हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करायची का ते स्वतःहून विचारा. मला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं, मी विचारलं तेव्हा लिहून मिळाली, आणि आता औषध चालू आहे. पुढचं हाड खुब्याचं मोडू नये म्हणून हे औषध आहे.

पाय मोडलेल्यांचा हात शाबूत असतो, त्यांना वाटतं आता सहा आठवडे पोटभर विणू. जरूर विणा, पण पाय उंच ठेवून, पलंगावर अर्धवट पडून विणताना मान पुढे झुकते आणि उजेड मागून येतो. पाठीला लोड, दोन्ही कोपरांखाली उशा, दिवा खांद्यावरून डाव्या बाजूने, आणि दहाऐवजी अर्ध्या तासाचा गजर.

माझ्या हाताची मूठ अजून पुरती आवळत नाही. ओला टॉवेल पिळताना मनगट बोलतं, आणि फिजिओथेरपीच्या ताई म्हणतात की जोर यायला वर्ष लागू शकतं. कालची नोंद अशी आहे: चाळीस नंबर, दहा-दहाचे चार फेरे, टेबल, लोड, पिन. सकाळची गाठ जागच्या जागी. कोयरी आणि तुळशीवृंदावनाच्या त्या नमुन्याचे शहात्तर टाके घातलेत, तिसरी ओळ चालू आहे, आणि मधल्या एका खांबात सेफ्टी पिन अडकवलेली आहे.